दक्षिणेच्या भिंतीवरचा नकाशा

अनुपमाबाईंनी सहामाहीच्या भूगोलाचा गठ्ठा तपासायला घेतला आणि अकराव्या पेपरावर त्यांचा हात थांबला. चांदूर रेल्वे मेळघाटात गेलं होतं. जिथं वाघ राहतात तिथं आगगाडी कशाला जाईल, पण या पोरीनं ती रुळांसकट नेली होती. कौंडण्यपूरची यात्राही तिनं तिथंच शेजारी भरवली होती. मेळघाटचे डोंगर बुलढाण्याच्या जागी सरकले होते आणि बुलढाणा पार खाली यवतमाळकडं जाऊन पडला होता. पातूरच्या पलीकडच्या खेड्यातून ही मुलगी दर सुटीनंतर बैलांच्या दमणीत बसून अकोल्याला यायची. ते पातूरसुद्धा तिनं अकोल्याच्या उजव्या कुशीला बसवलं होतं. हद्दीची रेघ तेवढी छापलेला वऱ्हाडचा कोरा नकाशा आणि त्यात भरायची दहा ठिकाणं, असा प्रश्न होता. दहांपैकी बरोबर आलं होतं एकच, ते म्हणजे अकोला, आणि तेही बहुधा मधोमध असल्यामुळं.

पेपर शकुनचा होता. सूर्यभान पाटलाची ही मुलगी मुलींच्या हायस्कुलात नववीत शिकत होती आणि शाळेच्या वसतिगृहात राहत होती. गणितात तिच्या पुढं कुणी नव्हतं. तिच्या गावातल्या पोरी तिसरी-चौथीच्या पुढं गेलेल्या नव्हत्या. नववीपर्यंत पोचलेली ही पहिलीच, आणि गावातली निम्मी माणसं ती कधी परत येते याची वाट बघत बसली होती.

मुख्याध्यापिका आशाबाईंनी पेपर पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" त्या म्हणाल्या. "फेब्रुवारीत इन्स्पेक्टरसाहेब भिंतीवरच्या नकाशावर तोंडी परीक्षा घेतात, ठाऊक आहे ना? त्यात नापास झालेली मुलगी दहावीत जात नाही. आणि वर न चढलेल्या मुलीला वसतिगृहात जागा मिळत नाही, हा नियम माझा नाही, कमिटीचा आहे. तिच्या वडिलांना आत्ताच कळवून ठेवलेलं बरं."

"महिनाभर थांबा," अनुपमाबाई म्हणाल्या. कशाच्या जोरावर म्हणाल्या ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. अमरावतीच्या वकिलाची मुलगी, बी.ए. होऊन ही पहिलीच नोकरी, आणि नोकरीला जेमतेम दीड वर्ष झालेलं.

संध्याकाळी खोलीवर त्यांनी शकुनचा सप्टेंबरातल्या चाचणीचा कागद शोधून काढला. तेव्हाही कोरा वऱ्हाडच दिला होता. त्यात चांदूर रेल्वे मेळघाटात नव्हतं, ते डाव्या काठाला, बुलढाण्याच्याही पलीकडं होतं. मेळघाट तळाशी होता. म्हणजे ही पोरगी दर तीन महिन्यांनी अख्ख्या जिल्ह्यांची बिऱ्हाडं हलवत होती की काय? बाईंना आधी राग आला, मग हसू आलं, आणि हसता हसता त्या थबकल्या. वेंधळं माणूस चुकतं ते कसंही चुकतं. इथं मात्र कुठल्याही दोन गावांमधलं अंतर जिथल्या तिथं होतं. अकोल्यापासून पातूर जितकं लांब हवं तितकंच लांब, फक्त भलत्याच बाजूला.

समासात मार्कांची बेरीज करायची म्हणून त्यांनी सहामाहीचा कागद आडवा फिरवला आणि त्यांच्या तोंडून "अगंबाई!" निघून गेलं. मेळघाट वर गेला होता. चांदूर रेल्वे आणि कौंडण्यपूर उजवीकडं, बुलढाणा डावीकडं, पातूर अकोल्याच्या खाली. छापील हद्दीची रेघ सोडली तर सगळा वऱ्हाड बरोबर होता! त्यांनी घाईनं सप्टेंबरचा कागद घेतला. तो आडवा फिरवून भागलं नाही, पण पूर्ण उलटा केल्यावर तोही बरोबर आला. एकदा पाव फेरा आणि एकदा अर्धा, असं का? त्या रात्री बाईंना जेवण गोड लागलं नाही, पण त्याचं दुःखही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी शकुनला उभं केलं.

"शकुन, मेळघाट कुठे आहे?"

वर्गात मुलींच्या समोरच्या भिंतीवर वऱ्हाडचा मोठा नकाशा टांगलेला होता. शकुननं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिनं पाठीमागं हात केला. "थो काय, तिकडं."

"नकाशात दाखव."

शकुन पुढं गेली आणि तिनं नकाशाच्या तळाशी बोट ठेवलं. पहिल्या बाकावरची विमल फिस्सकन हसली, आणि एक हसली की वर्ग हसतोच.

"अगं, मेळघाट उत्तरेला ना? मग खाली कसा? उत्तर नेहमी वर असते!" बाई बोट उंचावून म्हणाल्या.

शकुननं त्या बोटाच्या रोखानं छताकडं पाहिलं. त्यात आगाऊपणा नव्हता, तिनं खरोखरच शोधून पाहिलं. "वर तं आभाय हाय बाई," ती म्हणाली. "उत्तर आभायात कशी राहीन?"

या वेळी वर्ग हसला तेव्हा बाई हसल्या नाहीत. तास संपल्यावर त्यांनी तिला एकटीला थांबवून घेतलं आणि दोन्ही कागद तिच्यापुढं ठेवले.

"मी रागावणार नाही. मला नुसतं समजून घ्यायचं आहे. कोऱ्या नकाशात गावं भरताना तू काय करतेस?"

"काय करन? कागद ठेवला का त्याच्या उगवतीकडं उगवतीचं गाव लिवायचं, बुडतीकडं बुडतीचं. तसंच असते ना बाई?"

"सहामाहीला तू कुठे तोंड करून बसली होतीस?"

"परीक्षा झाली त्या दिवानखान्यात बाकं उगवतीकडं तोंड करून हायेत."

"आणि सप्टेंबरात?"

"इथंच. या वर्गात. दक्षिणेकडं तोंड."

बाईंनी वळून पाहिलं. समोरची भिंत दक्षिणेची होती, आणि दीड वर्ष त्या भिंतीसमोर उभं राहून शिकवताना ही गोष्ट त्यांच्या ध्यानातही आली नव्हती. शकुन वेंधळी नव्हती. ती इतकी कसून बरोबर होती की त्यामुळंच चुकत होती.

"तुम्ही घरी डावं-उजवं म्हणत नाही का गं?"

"जेवतानी म्हनतो. उजवा हात ताटात घाल, असं." शकुनला प्रश्नच नवलाचा वाटला. "बाकी कावून म्हनन? माय म्हनते, उत्तरेकडचं मडकं आन. बाबा म्हनते, वावराच्या बुडतीच्या धुऱ्यापासून वखर घाल. लहाना भाऊ म्हनते, उगवतीकडं सरक, मले बसू दे. मानूस फिरलं का त्याचं डावं-उजवं फिरते बाई. उगवत थोडीच फिरते?"

बाईंनी समोरचा सहामाहीचा कागद पुन्हा एकदा आडवा फिरवून पाहिला.

"तुमचं अमरावती कोन्तीकडं हाय?" शकुननं विचारलं. तिलाही आता मजा वाटू लागली होती.

बाईंनी भिंतीवरच्या नकाशाकडं पाहिलं आणि मोठ्या आत्मविश्वासानं उजवीकडं हात केला.

"थे तं बुडतीचं खामगाव झालं बाई," शकुन हलक्या आवाजात म्हणाली.

ज्या गावी आईबाप राहतात, जिथं दर आठवड्याला पत्र जातं, ते कुठल्या दिशेला आहे हे बाईंना ठाऊक नव्हतं! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मधल्या सुटीत त्यांनी शिक्षकांच्या खोलीत सहज म्हणून विचारलं, नागपूर कुठल्या बाजूला हो? चौघांचे चार हात चार बाजूंना गेले. चित्रकलेचे चिंतामणराव हाताचा चहा न सांडता म्हणाले, "नागपूर ना? वर उजवीकडे."

अनुपमाबाईंच्या मते उपाय सोपा होता. नकाशा दक्षिणेच्या भिंतीवरून काढायचा आणि उत्तरेच्या भिंतीवर लावायचा. बाकं फिरवायची. मग नकाशातली उगवत खऱ्या उगवतीकडं येईल. पण उत्तरेच्या भिंतीवर इंग्रज बादशहांची तसबीर होती.

"बादशहांना दक्षिणेला पाठवता?" आशाबाईंनी कपाळाला हात लावला. "ती यमाची दिशा! इन्स्पेक्टरसाहेब मला घरी तर बसवतीलच, शिवाय विचारतील, बाई, कुणाच्या मरणाची वाट बघताय?"

"मग नकाशा जमिनीवर अंथरते. भोवती मुली बसतील."

"विद्येला पाय लावायचा? अनुपमाबाई, नाचता येईना अंगण वाकडं हे ऐकलं होतं. तुमच्या वर्गात तर भिंतच वाकडी निघाली!"

राहता राहिलं शाळेमागचं मैदान. तिथल्या मातीला पाय लागायला कुणाची हरकत नव्हती. बाईंनी मुलींना बाहेर नेलं, काठीनं मातीत वऱ्हाड काढला, आणि गावांना दगड मांडायचं काम शकुनवर सोपवलं. दहा ठिकाणांचे दहा दगड तिनं इतक्या झपाट्यानं मांडले की तिची काळी पावलं मुलींना नुसती इकडून तिकडं दिसली. मग बाई विमलला म्हणाल्या, "अकोल्याहून पातूरला जा." भूगोलात पहिली येणारी विमल अकोल्याच्या दगडावर उभी राहिली, तिनं भोवती पाहिलं, आणि रडकुंडीला येऊन म्हणाली, "पण बाई, यात वर कुठे आहे?" आता हसायची पाळी शकुनची होती. पण ती हसली नाही. तिनं विमलचा हात धरला आणि तिला पातूरला पोचवून दिलं.

त्या महिन्यात नववीचा भूगोल मैदानातच चालला. मुली चपला काढून वऱ्हाडभर हिंडल्या. कुणी पूर्णा ओलांडली, कुणी मेळघाटात जाऊन वाघासारखी डरकाळी फोडली. शकुन बोलायला लागली की तिला थांबवावं लागे. बाकावर लिहायच्या कागदाचीही सोय झाली. कागद फिरवून त्याची उत्तर खऱ्या उत्तरेला लावायची आणि मग लिहायचं, अक्षरं आडवी येईनात का. जानेवारीच्या चाचणीत शकुनला दहापैकी दहा पडले. आशाबाईंनी आकडा पाहिला, आणि म्हणाल्या, "छान. पण भिंत तुम्ही कशी फिरवणार?"

ते मात्र खरं होतं. परीक्षा भिंतीवरच्या नकाशावर व्हायची, भिंत दक्षिणेची, आणि साहेबांनी 'दाखव' म्हटलं की बोट नकाशावर टेकलेलं लागे. तीन आठवडे उरले होते.

रोज शाळा सुटल्यावर त्या दोघी रिकाम्या वर्गात नकाशासमोर उभ्या राहू लागल्या. बाईंनी सांगून पाहिलं की उत्तर वर आहे असं पाठच कर. शकुन पाठ करायची, पण 'बुलढाणा' म्हटलं की हात जायचा उजवीकडंच, कारण बुलढाणा खरोखरच उजवीकडं होता. जाणूनबुजून खोटं बोलल्यासारखं तिला वाटे. मग एक दिवस ती स्वतःच म्हणाली, "बाई, नकाशा नाई फिरत तं मीच अकोलं फिरवून पायतो."

"म्हणजे?"

"डोये मिटायचे. आन् समजायचं का टेशन हाय तिकडं नाई, उलट्या अंगाले हाय. मोर्णा नदीबी उलटी. दारबी उलटं. मंग या भितीवर उत्तर येते."

ती डोळे मिटून उभी राहिली. कपाळावर आठ्या, मुठी आवळलेल्या. बाई श्वास रोखून पाहत होत्या. एखादं माणूस अख्खं गाव डोक्यात उचलून फिरवतंय, हे त्यांनी कधी ऐकलंही नव्हतं. कसं होत असेल आत? रस्ते वळत असतील का? थोड्या वेळानं शकुननं डोळे उघडले आणि ती बाकावर बसली. "जमत नाई. फिरते आन् पुन्हा वापस येते. मयमय करते, गाडीत उलट्या तोंडी बसल्यावानी."

"राहू दे मग."

"नाई बाई. मले दहावीत जायचं हाय."

अकराव्या की बाराव्या दिवशी ती डोळे उघडून नकाशाकडं पाहतच राहिली. "फिरलं," ती म्हणाली. "बाई, फिरलं! पाय, बुलढाणा इकडं, चांदूर तिकडं!" आनंदाच्या भरात तिनं बाईंना अगंतुगं केलं, ते दोघींच्याही लक्षात आलं नाही. दहाच्या दहा ठिकाणांवर तिचं बोट टपाटप पडलं. बाईंनी तिला चक्क मिठी मारली. वर्गातून निघताना शकुन दाराशी क्षणभर अडखळली, कुठं वळायचं ते न कळल्यासारखी. बाईंनी ते पाहिलं, पण पोर दमली असेल म्हणून सोडून दिलं.

त्याच आठवड्यात बाईंनी शिक्षकांच्या एका मासिकासाठी लेख लिहायला घेतला. 'नकाशावाचनातील एक अडचण व तिच्यावरील उपाय' असं त्याचं नाव. आपण काहीतरी शोधून काढलं आहे असं त्यांना वाटत होतं, आणि का वाटू नये?

इन्स्पेक्टर केशवराव फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आले. त्यांनी शकुनला सात ठिकाणं विचारली आणि सातही बरोबर आली. शेवटी त्यांनी गंमत म्हणून विचारलं, "तुझं गाव दाखव पाहू." गाव त्या नकाशात छापलेलंच नव्हतं. तिनं पातूरवर बोट ठेवलं, तिथून ते किंचित खाली सरकवलं आणि म्हणाली, "इथं." साहेबांनी शेरा लिहिला, 'नकाशाचं ज्ञान उत्तम.' आशाबाईंनी तो दोनदा वाचला आणि अनुपमाबाईंच्या पाठीवर हात ठेवला. एप्रिलमध्ये निकाल लागला आणि शकुन दहावीत गेली. गणितात पहिली, भूगोलात तिसरी. विमल नेहमीसारखी पहिली आली, पण निकालाच्या दिवशी ती शकुनच्या गळ्यात हात टाकून हिंडत होती.

जूनअखेर शाळा उघडली. पहिल्याच दिवशी दुपारी शकुन बाईंच्या खोलीवर आली. उन्हाळ्यात ती उंच झाली होती. बाईंनी मोठ्या हौशीनं मासिकाचा अंक पुढं केला. "बघ, तुझ्यावर लेख आला आहे. नाव नाही घातलं तुझं, पण सगळी तूच आहेस."

शकुननं अंक हातात घेतला, पण उघडला नाही.

"बाई, एक पुसायचं होतं."

"विचार ना."

"मी घरी गेली ना, तं दुसऱ्या दिवशी बाबासंगं वावरात गेली. बाबा म्हने, उगवतीच्या धुऱ्यावर इळा राहिला, घेऊन ये. मी गेली. बराच वेळ पायला, इळा काई दिसे ना. मांगून बाबाचं हासनं आयकू आलं. मी बुडतीच्या धुऱ्यावर उभी होती." तिनं अंकाची कड बोटानं दुमडली. "बाबाले गंमत वाटली. घरी येऊन सांगे, शाळेनं पोरीची उगवत नेली. माय हासली, सारे हासले. मीबी हासली."

"मग?" बाईंनी विचारलं.

"मले वाटलं, एका दिवसाचं असन. पण रोजच होऊन राहिलं बाई. सकाळी उठलं का सूर्य भलतीकडून निंगाल्यावानी वाटते. दिसते तं बरोबर, पण मनाले पटत नाई. माय म्हनते, उत्तरेकडचं मडकं आन, आन् मी उभी राहून इचार करतो, कोन्तं." तिनं अंकाची दुमडलेली कड सरळ केली. "पयले मले इचार नव्हता करा लागत. दोनी नाई राहत काय बाई, एका डोक्यात?"

अनुपमाबाईंना लाज वाटली. गेले सहा महिने त्यांनी या मुलीच्या डोक्यात डोकावून डोकावून पाहिलं होतं. काय चुकतं, का चुकतं, कसं सुधारेल, सगळं विचारलं होतं. जे बरोबर आहे त्याचं काय होईल, एवढंच विचारायचं राहून गेलं होतं. आणि त्याच्यावर लेख लिहून त्या मोकळ्या झाल्या होत्या.

"मला माहीत नाही गं," त्या म्हणाल्या. आपण बाई आहोत, काहीतरी धीराचं बोलायला हवं, असं त्यांना वाटलं, पण खोटं बोलवेना. "मला तुझ्यासारखं कधी आलंच नाही. नसलेल्या गोष्टीचं मी काय सांगू?"

शकुननं पदरानं नाक पुसलं. तिनं अंक बाजूला ठेवला. मग म्हणाली, "तं मंग तुमी शिका. मी शिकवीन. तुमाले शिकवता शिकवता मलेबी याद येईन."

"आत्ता?"

"आत्ताच. सांगा, उगवत कोन्तीकडं?"

दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर होता, त्याची काही मदत नव्हती. बाईंनी पुष्कळ विचार केला, आणि भीत भीत हात लांब करून बोट दाखवलं. "ही का?"

त्या बोटाकडं शकुन पाहत राहिली. तिनं डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. बाईंचा हात अवघडून गेला तरी त्यांनी तो खाली घेतला नाही, आणि उत्तर येईपर्यंत घेणारही नव्हत्या.